खोकल्यासकट जपलेला आवाज

मी एक जुनी हार्ड डिस्क बोलतेय. कुरखेड्यातल्या एका घरात, भिंतीतल्या आलमारीत, फरसाणाच्या रिकाम्या डब्यात मी पावणेदोन वर्षं पडून होते. सोबतीला एक तुटका माउस आणि एक वायर. दोघंही मुखदुर्बळ.

त्याआधी मी नागसेनच्या लॅपटॉपमध्ये होते. माझ्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली होती आणि नागसेनला तिचा कोण अभिमान! वायफाय दिवसातून दहादा रुसायचं, तरी पठ्ठ्या मलाच धरून होता.

त्याचे वडील देवराव. त्यांनी उभा जन्म एसटी चालवली. कोणता रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, किती पावसात बुडतो, त्यांना तोंडपाठ. नागसेननं त्यावरून एक प्रोग्राम केला. फोन लावला की देवरावांच्या आवाजात रस्त्याची खबर मिळायची. ते सगळे आवाज माझ्यात भरले.

"पुलावर पाणी आहे भाऊ, इकडे येऊ नका," देवराव बोलायचे आणि खोकायचे.

"बाबा, मधात खोकू नका ना!"

"खोकला का मले इचारून येते?"

पुढे नागसेनला नागपूरच्या कंपनीत काम लागलं. त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालणारं. माझ्यावर ते चालवायला त्यानं आठ दिवस डोकेफोड केली. बाकीच्यांचं काम सकाळीच सुरू व्हायचं, याची दुपारपर्यंत जुळवाजुळवच. शेवटी त्यानं नवी डिस्क आणून तिच्यावर विंडोज टाकलं आणि मला काढलं. खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी त्याचं काम जेवणाआधी उरकलं. मला राग नाही आला, वाईट मात्र वाटलं.

कामाचं सगळं त्यानं उतरवून घेतलं होतं. आवाज तेवढे राहिले. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. मग तो नागपूरलाच राहायला गेला.

गेल्या उन्हाळ्यात देवराव वारले. डब्यात मला घरातलं रडणं ऐकू येत होतं. त्यांचा आवाज माझ्यापाशी होता, पण सांगणार कुणाला?

त्यांची बायको बायनाबाई फोनवर रोज विचारायची, "नागसेन, त्यायचा आवाज लाव ना रे." त्यानं शोध शोध शोधला. मग त्याला मी आठवले. म्हणाला, "जुनी डिस्क डब्यात आहे. शनिवारी येतो."

त्याची बहीण नूतन शाळेत शिकवते. तिला शनिवारपर्यंत धीर निघेना. काल तिनं वायरीनं मला आपल्या लॅपटॉपला जोडलं. त्यातही विंडोजच. त्याला माझी भाषा येत नाही. त्यानं विचारलं, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का?

"हो दाब ना, काऊन थांबली?" बायनाबाई म्हणाली.

नूतननं दाबलं. मी गारठले. पुन्हा पाटी आली. ती वाचून तिचा हात थबकला.

"आई, हे सगळं पुसून टाकतो म्हणते."

बायनाबाई म्हणाली, "काढ ते वायर. नाई ऐकू आला तरी चालते मले. आत आहे ना तो? राहू दे."

तिनं मला पदरानं पुसलं आणि देवरावांच्या फोटोजवळ ठेवलं. डब्यात नाही.

नागसेन, शनिवारी ये. तुझं विंडोज तुला लखलाभ, पण एकदाच मला जुन्या रीतीनं, लिनक्सवर उघड. पहिल्याच वाक्यात ते खोकतात. तेवढं मात्र कापू नकोस.