हिरवे ठिपके थांबले तेव्हा

“भिंग आहे गं ते, ताट नव्हे! बोट लावलंस तर याद राख!” कारखान्यात भिंगं घासणाऱ्या एका कारागीर बाईचा हा दरडावणीचा सूर, मी ऐकलेला पहिलावहिला. मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला कान नाहीत, हे खरं. पण म्हाताऱ्याच्या आठवणीत एवढं चालायचंच.

माझी उमेदीची वर्षं एका प्रयोगशाळेत गेली. खिडकीजवळचं टेबल, काचपट्ट्यांची खोकी आणि अंधार करायला जाड काळा पडदा. तिथले मोठे सर आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची ताई, एकाच बुरशीच्या मागे हात धुऊन लागले होते. ही बुरशी गव्हाच्या ओंबीत शिरते, ओंबी अवेळी पांढरी पडते, दाणा सुरकुततो. सर बहिणीला ‘मुंगी’ म्हणत. कौतुक मात्र माझं करत. “हा म्हातारा दहा नव्या यंत्रांना भारी आहे,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

बुरशीचा धागा केसाहून बारीक. त्याच्या आत प्रथिनांचे हमाल असतात. इंधन जाळत ते सूक्ष्म दोऱ्यांवरून राबतात, तेव्हा कुठे धाग्याचं टोक पुढे सरकतं. ताईने त्या हमालांना चमकता हिरवा रंग जोडला होता. माझ्यातून पाहिलं की हिरवे ठिपके लगबगीने हलताना दिसत. पाहता पाहता ती गुणगुणायची:

दोरीवरची वाट बाई, डोईवर गं भार,
टोकापाशी पोचशील, तर उघडेल दार.

मग वर्षानुवर्षांच्या शोधानंतर एक औषध हाती लागलं. ते म्हणे हमालाच्या अंगातल्या नेमक्या खाचेत जाऊन बसतं. मग इंधन समोर असूनही त्याला वापरता येत नाही. गव्हाच्या हमालाची घडण निराळी, त्याला धक्का नाही. हे खरं की खोटं, ते पाहायचं होतं.

एक पट्टी औषधाची, एक बिनऔषधाची. सरांनी दोन्ही पाहिल्या.

“दोन्हीकडे सगळं ठप्प! बुरशी बघता बघता याच्याच भिंगाला बुरशी धरली. काढा याला भंगारात.”

“अरे दादा, औषधाच्या पट्टीत थांबलेत. बिनऔषधाच्या पट्टीत चांगले पळतायत की!”

“मुंगे, मला शिकवू नकोस.”

माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. धुळीचं दुःख नव्हतं. पण मी खोटा ठरलो, की ताईने पाहिलेलंही खोटं ठरत होतं. इतकी वर्षं शोधलेलं औषध माझ्यासोबत अडगळीत जाणार होतं. मित्रांनो, एखाद्याला निकामी म्हणण्याआधी निदान एकदा पुसून तरी पाहा.

ताईने पाहिलं. मला खाली उतरवलं, मऊ कापडाने पुसलं आणि बिनऔषधाची ताजी पट्टी लावली.

“बस दादा. भांडू नकोस. ठिपके कुठे चाललेत, तेवढं सांग.”

सरांनी डोळा लावला. चित्र स्पष्ट करायची माझी चकती पुढे फिरवली, मागे फिरवली, पुन्हा पुढे. मग हात मांडीवर ठेवले.

“दादा?”

“भिंग लख्ख आहे गं,” सर म्हणाले. “माझीच नजर गेलीय. वर्ष झालं, मला हे ठिपके दिसतच नाहीत. तू बघ, मुंगे. बघ नि मला सांग.”