चुकल्याचुकल्यासारखं

तीन दिवस एकच वाक्य त्रिवेणीला छळत होतं. चिक्कडपल्लीतल्या एका लहानशा ऑफिसात ती तेलुगू सिनेमांना मराठी सबटायटल्स लिहायची. या सिनेमात मुलगी सासरी गेल्यावर आई तिला फोनवर एवढंच म्हणते, ‘इंट्लो वेलितिगा उंदि.’ त्रिवेणीने लिहिलं, ‘घरात उणीव आहे.’ खोडलं. ‘घर रिकामं वाटतं.’ तेही खोडलं. बाईचा आवाज कानातून जाईना, आणि मराठी सुचेना. शाळा सगळी इंग्रजीत झालेली. मराठी होतं ते घरात ऐकलेलं तेवढंच.

चौथ्या दिवशी दुपारी ती तडक उठली आणि बसने अंबरपेठला काकांकडे गेली. काकू जाऊन वर्ष झालं होतं. हिम्मतराव काका आता एकटेच राहायचे.

“इतकी परेशान का दिसतेस गं?”

तिने मोबाइलवर प्रसंग दाखवला, आपलं वाक्यही वाचलं. काकांनी प्रसंग दोनदा पाहिला.

“उणीव शोकसभेत म्हणतात. या बाईला चुकल्याचुकल्यासारखं होतंय.”

“म्हणजे कसं?”

“म्हणजे… मी स्वयंपाकघरात जातो. कशाला आलो, आठवत नाही. परत येऊन बसतो. बसवत नाही, पुन्हा उठतो. तुझी काकू गेल्यापासून रोजचंच झालंय.”

त्रिवेणीने तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवला. शब्दच जणू उठत होता आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसत होता. इतकं सुंदर काही आपल्या भाषेत आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

ऑफिसात परतून तिने लिहिलं, ‘घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं गं.’ तिचं काम तपासणाऱ्या किशोरने नकारार्थी मान हलवली. “लांब आहे. दोन सेकंदांत कोण वाचणार?”

“मग ‘घरात’ काढते. घर तर पडद्यावर दिसतंच आहे.”

‘चुकल्याचुकल्यासारखं होतं गं.’ किशोरने प्रसंग चालवला. मग कुणी न सांगता पुन्हा चालवला.

“राहू दे,” तो हळूच म्हणाला.

आता तरी तिला हायसं वाटायला हवं होतं. पण पुढचं वाक्य समोर येऊन थांबलं तरी तिची बोटं हलेनात. वर्षभरात आपण काकांकडे किती वेळा गेलो? सणाला, तेही घाईत. तिने फोन लावला.

“काका, रात्री काय करताय जेवायला?”

“बघू की. अजून ठरवलं नाही.”

“काही करू नका. मी येतेय.”

काका म्हणाले, “येताना कोथिंबीर आण.”