कमरेखालचा बुढा

सकाळीच घरात घाण वास सुटला होता. लकवा मारलेला सेवकराम खाटेवरच घाणीत भरून पडला होता, आणि सून रत्नाबाई नाकाला पदर लावून दारात उभी. शेवटी तिचा नवरा भैय्यालाल म्हणाला, "कुंताबाईले बलाव." म्हणजे तीच शेजारीण, जी दर रविवारी कोंढा गावी येशूच्या प्रार्थनेला जाते म्हणून याच सेवकरामनं गेल्या साली, धडधाकट असताना, तिच्या धानाच्या पऱ्ह्यांत बैल सोडले होते. सारी रोपं चिखलात गेली होती.

कुंता आली. बुढ्याला अंगणात पाटावर बसवून पाठ, मांड्या सगळं धुतलं. दोनदा कुंपणामागं जाऊन ओकली. तोंड पुसताना येशूला म्हणाली, "साऱ्याईवर दया कर म्हनलास, करून राहिली. पर हा बुढा मले आवडत नाई. तेवढं मांगू नोको."

शेवटचा तांब्या तिनं त्याच्या डोक्यावर ओतला आणि तिथंच घोळ झाला. रस्त्यानं जाणाऱ्या गावातल्या प्रविणनं मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. दुपारपर्यंत गावभर झालं की कुंतानं पाणी टाकून बुढ्याला इसाई केलं.

पारावर बैठक बसली.

"लोकाईच्या घरी जाऊन बाटवतं काहून?" प्रविणनं विचारलं.

"मले बलावलं कोनं, ते भैय्यालालले इचार."

भैय्यालाल मान खाली घालून खर्रा घोटत बसला.

"बरं. उद्यापासून मी येत नाई," कुंता म्हणाली. "तुमच्यातला कोन धुते, सांगा."

धर्मासाठी मुंडकं द्यायला निघालेले हे गडी, पण बुढ्याच्या धोतराला हात लावायची छाती एकाचीही नव्हती. मग एका म्हाताऱ्या पंचानं तोड काढली. कुंतानं बुढ्याला धुवावं, पण कमरेखालीच. डोकं घरचे धुतील. तिच्या हातचं पाणी डोक्यावर पडलं, तर तिच्या रोवण्याला, धानाच्या लावणीला, एकही बाई जाणार नाही. साऱ्यांनी माना डोलावल्या. सकाळच्या घाणीची आली नव्हती एवढी किळस कुंताला या माणसांची आली. पण एकरभर धानाचा रोवणा दहा दिवसांवर आला होता, आणि एकटीनं तो होत नाही.

रोज ती येई, कमरेखालचं धुई आणि जाई. घरच्यांनी डोक्याला बोट लावलं नाही. सातव्या दिवशी उशीवर उवा चालू लागल्या.

"कुंताबाई, डोक्सं बी धुऊन दे ना," रत्नाबाई हळूच म्हणाली. "आत नेजो. दार लावून घे, कोनाले दिसू नोको देऊ."

"अंगनातच धुईन. मी चोळीन, पानी तू टाक. माया हातचं पडलं तं रोवाले कोनी येनार नाई, माये पऱ्हे बांधीतच सडतीन."

"मले मळमळते व."

"मलेबी मळमळते. पदर सोड, दोन्ही हातानं तांब्या धर."

रत्नाबाईनं पाणी टाकलं. प्रविण रस्त्यावर थांबला, मोबाइल वर केला. त्यात बुढ्याच्या डोक्यावर पाणी ओतणारी घरची सूनच दिसत होती. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि चालता झाला.

कुंता कानामागचा मळ काढत होती. सेवकरामचं वाकडं तोंड हललं.

"ब... बैल," तो म्हणाला आणि रडू लागला.

"मालूम हाय, काकाजी," कुंता म्हणाली. "मान खाली करा. साबन डोळ्यात जाईन."