बेल्टची गाठ

रोहिणीला तोंडावर खोटं बोलता येत नसे, म्हणून तिने ते लिहून दिलं. नगरच्या सावेडी भागातल्या त्या कराटे क्लासच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'पूर्वी कराटे शिकला आहात का?' तिने दोनदा इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं, 'नाही.'

खरं म्हणजे शेवगावला माहेरी असताना ती आठ वर्षं कराटे शिकली होती. ब्राऊन बेल्ट मिळवला होता, ब्लॅकच्या एकच पायरी खाली. मग लग्न झालं, आणि तो बेल्ट कपाटात साड्यांखाली गेला तो सोळा वर्षं तिथेच राहिला. बरं, कुणी तिला बंद कर म्हणालं होतं असंही नाही. नवरा नाही, सासू तर मुळीच नाही. आज नको, उद्या जाऊ, असं करत तिनेच सोळा वर्षं घालवली. दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून लाज सगळी तिच्याच वाट्याला आली होती.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघराचं दार लावून एक जुना काता करून पाहिला. काता म्हणजे एकामागोमाग एक ठरलेल्या चाली. एके काळी तिला त्या झोपेतून उठवलं तरी यायच्या. आता दहाव्या चालीला पाय कुठे टाकायचा तेच आठवेना. धाप लागली, कोपर लागून डाळीचा डबा खाली आला. आणि क्लासची रीत तर तिला पक्की ठाऊक होती. रांग बेल्टप्रमाणे लागते. ब्राऊन बेल्टवाली सगळ्यात पुढे उभी राहते आणि मागच्या मुली तिचं बघून काता करतात. हिचं बघून काय करणार होत्या, डाळ सांडणार होत्या? त्यापेक्षा पांढरा बेल्ट बांधावा, शेवटी उभं राहावं, म्हणजे कुणी बघायचं नाही. हे असलं शहाणपण तिला सुचलं.

रोहिणीने फॉर्म भरला त्याच दिवशी राजेश्वरीकाकूंनीही नाव घातलं. काकू बावन्न वर्षांच्या, पुणतांब्याच्या. मुलाची नोकरी नगरला म्हणून इकडे राहायला आलेल्या. "आई, या वयात हे काय भलतंच?" असं मुलगा म्हणाला, तेव्हा तर त्या हट्टालाच पेटल्या. पहिल्या दिवशी त्या मोबाईलवर बघून बेल्टची गाठ शिकून आल्या होत्या, आणि शेजारी ही नवखी दिसल्यावर त्यांनी तिला शिकवायलाच घेतलं.

"तसं न्हाई गं येडे. हे टोक खालून घे."

रोहिणी दोनदा मुद्दाम चुकली. तिसऱ्यांदा गाठ नीट आली तेव्हा काकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ, जमतंय का न्हाई?"

रोहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण आधीच दोनदा चुकून दाखवल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगणार?

महिनाभर दोघींची जोडी राहिली. दोघी पांढऱ्या बेल्टच्या, दोघी एकाच दिवशीच्या, म्हणून ओंकार सरांनीच ती लावून दिली होती. हे सर सव्वीस-सत्तावीसचे, पण करड्या शिस्तीचे. एका सोमवारी त्यांनी नवा सराव दिला. एकीने ठोसा मारायचा, दुसरीने तो अडवून उलटा मारायचा आणि मूठ चेहऱ्याच्या चार बोटं अलीकडे थांबवायची.

काकूंना त्या दिवशी भारी हुरूप आला होता. एका वेळी त्या ठरल्यापेक्षा मोठं पाऊल टाकून वेगाने पुढे आल्या. रोहिणीने विचार केलाच नाही. डाव्या हाताने अडवलं, उजवी मूठ सुटली आणि काकूंच्या तोंडावर बसली.

काकू मटकन खाली बसल्या. ओठ फाटला होता, पुढचा दात हलत होता, पांढऱ्या ड्रेसवर रक्ताचे थेंब पडत होते.

"काकू, तुमचा दुसरा हात खाली होता," सर कापूस दाबत म्हणाले. "आणि ताई, नवीन असताना एवढा जोर लावायचा नाही."

"तिला बोलू नका," काकू कापसाआडून म्हणाल्या. "माजंच चुकलं."

सरांनी मग रोहिणीच्या उजव्या हाताकडे क्षणभर पाहिलं. ठोसा मारून मूठ आपोआप कमरेपाशी परत गेली होती, तिथेच घट्ट मिटलेली होती. नवख्यांना हे वर्षभर सांगावं लागतं. रोहिणीने चटकन मूठ सोडली.

काकू मंगळवारी आल्या नाहीत, बुधवारी नाहीत, गुरुवारीही नाहीत. शुक्रवारी रोहिणी मऊ शिऱ्याचा डबा घेऊन स्कूटीवरून त्यांच्या घरी गेली. काकू कराटेच्या ड्रेसची घडी घालत होत्या. रक्ताचा डाग धुऊन पिवळट झाला होता.

"शेजारच्या पोरीला देऊन टाकते," त्या म्हणाल्या. ओठ सुजलेला असल्याने शब्द जड येत होते. "मला न्हाई जमायचं. आपन दोघी एकाच दिवशी लागलो. तुजा हात कसा सपकन आला! मला दिसलासुदिक न्हाई. तू म्हैन्यात कुठच्या कुठं गेलीस, आन् मी हाय तितंच. पोरगं म्हनत हुतं तेच खरं."

रोहिणीच्या हातातला डबा हातातच राहिला. तिने काकूंचा फक्त ओठ फोडला नव्हता.

"काकू, मी नवीन नाहीये," ती म्हणाली. "मी आठ वर्षं शिकलेय. ब्राऊन बेल्ट आहे माझा. सोळा वर्षांनी आले, सगळं विसरले होते, पुढे उभं राहायची लाज वाटली, म्हणून खोटं लिहिलं."

काकूंनी अर्धी घडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आन् गाठ?"

"येत होती."

"दोनदा चुकलीस ती?"

"मुद्दाम."

"मी तुज्या पाठीवर थाप मारली," काकू म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं, असं रोहिणीला वाटलं. "डबा घेऊन जा."

तिथून ती सरळ क्लासवर गेली आणि सरांनाही सांगितलं. सर ओरडले नाहीत. "मला माहीत असतं, तर तुमची जोडी मी त्यांच्याशी लावली असती का?" एवढंच विचारलं.

सोमवारी ती रांगेत सगळ्यात पुढे उभी राहिली. कमरेला विटलेला ब्राऊन बेल्ट होता. पोट सुटल्याने त्याची टोकं आता आखूड पडत होती. काता सुरू झाला आणि दहाव्या चालीला ती अडली. मागच्या मुलीही अडल्या, कुणीतरी फिसकन हसलं. सोळा वर्षांनी जेवढी लाज वाटेल असं वाटलं होतं, बरोबर तेवढीच वाटली. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. पण जागा सोडून जाता येत नव्हतं.

तेवढ्यात दाराशी चपला काढल्याचा आवाज आला. राजेश्वरीकाकू होत्या. ओठावर काळी खपली, ड्रेसवर तोच पिवळा डाग. कुणाकडे न बघता त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

जोड्यांचा सराव आला तेव्हा सरांनी काकूंना दुसऱ्या मुलीकडे जायला सांगितलं. काकू गेल्या नाहीत. सगळी रांग ओलांडून पुढे आल्या आणि रोहिणीसमोर पाय रोवून उभ्या राहिल्या.

"काकू, मी…"

"माजा राग गेलेला न्हाई," काकू म्हणाल्या. "पन आता मला ठावं हाय, म्होरं कोन उभं हाय. मार."

रोहिणीचा हात उचलेना.

"मार म्हनते ना. आन् ह्या बारीला मुद्दाम चुकू नको."

रोहिणीने डोळे पुसले आणि ठोसा मारला, सरळ आणि खरा. काकूंचा हात वर आला आणि तिच्या मनगटावर असा आदळला, की झिणझिण्या खांद्यापर्यंत गेल्या.

"परत," काकू म्हणाल्या.