फणसाच्या देखत

"तुला लाज आहे का?" सुतार विचारत होता. "असली तर दाखव. अर्धं अंगण खाल्लंस, विहीर प्यालास, आणि दिलंस काय? पाला! पाला तर कुंपणसुद्धा देतं."

फणस काही बोलला नाही.

"ती फाटकावरची बोगनवेल बघ. काल आली घरात. अजून काठीला धरून उभी राहते, पण फाटक कसं पेटवून दिलंय! आणि तू एवढा थोराड बाप्या, खोडावर साधं गळू येईना तुझ्या."

एवढं बोलून सुतारानं कुऱ्हाड उगारली आणि फणसाच्या सालीला नख लागल्यासारखा एक हलका घाव घातला. चीक निघाला. जमलेली माणसं समाधानानं हलली. चीक निघाला म्हणजे झाडाला लागलं.

आमच्या गावात फळ धरायचं विसरलेल्या झाडाला खत घालण्याआधी धाक घालतात. खताला पैसे पडतात, धाक फुकट आहे. एकानं कुऱ्हाड घेऊन तोडायला निघायचं, मालकानं "तोडा" म्हणायचं, आणि एकानं मध्ये पडून झाडासाठी जामीन राहायचं, की एक साल द्या, पुढच्या सालाला धरेल, माझी जबाबदारी. कुऱ्हाडवाला कुरकुरत मागं फिरतो. एवढंच. पण यातली खरी मेख पुढं आहे. हे सगळं खोटं होतं असं त्या झाडाच्या देखत पुन्हा कधीही बोलायचं नाही. बोललात तर झाड निर्ढावतं आणि मग जन्मभर फळत नाही. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन पास झालो असल्यामुळं या गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणून मी मागच्या रांगेत उभा होतो आणि हळू बोलत होतो.

फणस थोरल्या काकीचा. काकी एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुली आपापल्या घरी. तिचं सगळं गणगोत म्हणजे हा फणस होता, असं म्हटलं तर ती मला चुलीतलं लाकूड फेकून मारील, पण होतं तसंच. फणस फळत होता तेव्हा पिकल्याचा वास सुटला की गाव आपोआप तिच्या ओट्याकडे वळायचं. ती हाताला तेल लावून फोडायला बसायची, आणि कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाची म्हैस आटली, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं गऱ्यांबरोबर वाटलं जायचं. मग फणस थांबला आणि माणसंही थांबली. कोणी मुद्दाम नाही. ओट्यावर बसायला काही कारण उरलं नाही, एवढंच.

त्यातच धाकटे दीर शहरातून निवृत्त होऊन शेजारच्या अर्ध्या घरात राहायला आले. शहरातल्या सरकारी बागांवर ते मुकादम होते, आणि निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. आल्या आल्या त्यांनी आपल्या वाटणीच्या अंगणात फरशी घातली, फाटकावर बोगनवेल चढवली. वेल फुलली तशी गावातली तरणी पोरं तिच्यापुढं उभी राहून फोटो काढायला लागली. काकीच्या ओट्याकडे पाठ करून.

मुकादमांना फणस खुपायचा. पाला फरशीवर पडतो, मुळांनी फरशी उचलते, आणि दुपारनंतरचं ऊन फणस एकटाच खातो.

"वहिनी, सरळ हिशेब आहे," ते म्हणायचे. "हे झाड उत्पादनात नाही आणि शोभेतही नाही. म्हणजे कुठल्याच खात्यात नाही."

"भावजी, तुमची वेल कुठल्या खात्यात?"

"शोभेच्या. फुलं बघा!"

"ती फुलं नाहीत, रंगीत पानं असतात, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"शास्त्रीयदृष्ट्या पानं. बघणाऱ्याच्या दृष्टीनं फुलं."

"मग माझ्या फणसाला पण दुरून बघा."

यापुढं मुकादमांचं काही चालायचं नाही, कारण झाड काकीच्या हद्दीत होतं. ती "तोडा" म्हणाल्याशिवाय पानाला हात लावता येत नव्हता.

आणि त्या दिवशी, सगळ्या गावासमोर, काकी खणखणीत आवाजात म्हणाली, "तोडा! मला नको हा. याच्या जागी मी पण बोगनवेल लावते!"

मुकादम आपल्या व्हरांड्यात पेपर वाचत होते. ते लहानपणीच शिकायला शहरात गेलेले, आणि तेव्हा फणस नुसता लगडलेला असायचा. धाक घालायची वेळ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी पेपरची घडी केली आणि वखारीला फोन लावायला आत गेले. त्यामुळं शिंपीमामा पुढं येऊन हात जोडून "एक साल द्या, मी जामीन" म्हणाले, ते त्यांनी ऐकलं नाही. शिंपीमामांचा आवाज तसाही खालचा. तोंडात कायम टाचण्या धरून बोलायची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ट्रॅक्टर उभा राहिला. वखारवाला परगावचा. त्यानं यंत्राची करवत काढली, फणसाच्या बुंध्याला मिठी मारून जाडी बघितली आणि म्हणाला, "आत लाकूड पिवळंधमक निघेल."

काकी शेण काढत होती, ती तशीच आली. सुतार खांद्यावर कुऱ्हाड घेऊन आला, शिंपीमामा आले, मीही मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

"भावजी," काकी म्हणाली, "जरा घरात या. चहा टाकलाय."

"कामावर असताना मी चहा घेत नाही."

"अहो, थोडं बोलायचंय."

"इथंच बोला की. सगळे आपलेच आहेत."

"सगळे नाहीत," काकी डोळ्यांनी फणसाकडे खूण करत म्हणाली.

फणसाखाली वखारवाला उभा होता. त्याला ते लागलं. "बाई, मी बोलावल्यावर आलोय," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही हो!"

"मग कोणाला?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते ज्याच्याबद्दल होतं तो तिथंच उभा होता, सगळे कान पसरून.

शिंपीमामांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "मुकादम, मी जामीन राहिलोय."

"कोणाला?"

"याला."

"कागद दाखवा."

"तोंडी आहे."

"तोंडी जामीन कुठल्या खात्यात चालतो?"

मग सुतारानं प्रयत्न केला. "मुकादम, काल जे झालं ना, ते खरंच झालं. अगदी खरं. माझा राग शंभर टक्के खरा होता. पण खरं असलं तरी ते... म्हणजे खरंच, पण तसलं खरं..."

"तुम्ही पिऊन आलात का?"

"नाही हो!"

"मग नीट बोला."

नीट बोलणं म्हणजे झाड गेलंच. सुतार मागं सरला आणि कुऱ्हाड इतकी लांब ठेवून आला, की जणू ती त्याची नव्हतीच.

आता मुकादमांनी चौकशीचा आवाज काढला. "वहिनी, काल तुम्ही 'तोडा' म्हणालात की नाही?"

"म्हणाले."

"मनापासून?"

वरून एक पिकलं पान सुटलं आणि काकीच्या खांद्यावरून घसरून खाली पडलं. काकीनं त्या झाडाकडे पाहिलं, आणि मी तिला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला.

"मनापासून," ती म्हणाली.

"झालं तर मग! मी हात खाली केला की लावा करवत."

करवत सुरू झाली. मुकादमांनी हात वर केला. पगारावर असताना त्यांनी हा हात किती झाडांवर खाली केला असेल ते त्यांनाच माहीत, पण तो वर छान दिसत होता. त्यांनी अखेरचं एकदा सगळीकडे बघून घेतलं. काकी जागेवर नव्हती.

ती गोठ्यातून कोयता घेऊन फाटकाकडे निघाली होती. चालत. पळाली असती तर कोणाला तरी शंका आली असती.

"हिला फळ कधी येणार?" तिनं तिथून ओरडून विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता बोगनवेलीची एक भरघोस फांदी उतरवली.

"वहिनी!"

दुसरी फांदी पडली. ही माझ्या मते गरजेपेक्षा जास्त होती. ओट्याकडे पाठ करून काढलेल्या सगळ्या फोटोंचा हिशेब त्या दुसऱ्या फांदीत झाला असावा.

मुकादम हात वर तसाच ठेवून धावले. खाली करायचं त्यांना सुचलंच नाही. वखारवाला करवत फुरफुरत ठेवून खुणेची वाट बघत राहिला. आम्ही सगळे फाटकाकडे पळालो. तिथं, फणसापासून लांब आणि करवतीच्या आवाजाआड, काकीनं कोयता खाली टाकला आणि दिराचा कान जवळ ओढून सगळं सांगितलं.

"म्हणजे ते नाटक होतं?" मुकादम ओरडले.

"श्श!" आम्ही सगळे म्हणालो. मीही म्हणालो.

"तुमचं नाटक, आणि माझी वेल मात्र खरी तोडली!"

"मग काय करायला हवं होतं? तुम्ही त्याच्यासमोरून हलत नव्हतात."

"वहिनी, त्या झाडाला कान आहेत असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"मला काय वाटतं ते जाऊ दे. ते एकदा गेलं, की माझ्याकडे कोण येणार ते सांगा."

मुकादमांनी पडलेल्या फांद्यांकडे पाहिलं, मग काकीच्या ओट्याकडे. ओटा झाडलेला होता. रोज झाडलेला असायचा. त्यांनी हळूहळू हात खाली घेतला, आणि मध्येच दचकून वखारवाल्याकडे बघत तो पुन्हा वर केला.

"बंद करायला सांगा कोणीतरी," ते म्हणाले.

पण वखारवाल्याला नुसतं "जा" म्हणून चालणार नव्हतं. फणसाला शंका आली असती. म्हणून सगळे परत झाडाखाली गेले, शिंपीमामांनी पुन्हा हात जोडले, आणि मुकादमांनी घसा साफ केला.

"अर्जाचा विचार केला आहे," ते फणसाला म्हणाले. "एक साल मुदतवाढ देण्यात येत आहे. ही शेवटची समजावी."

वखारवाला आमच्या गावाबद्दल काहीतरी पुटपुटत चहा पिऊन गेला.

पुढं बोगनवेल अशी काही फुलली की फाटक दिसेना. छाटली की ती अशीच उसळते. हे मुकादमांना बागेतल्या कोणत्याही माळ्यानं सांगितलं असतं, किंबहुना तेच माळ्यांना सांगत आले होते. पण आता ते म्हणायला लागले, "वहिनींचा धाक!" आणि हंगामात फणसाच्या खोडावर खाली, अगदी जमिनीलगत, हिरवी बोटं दिसली. गावानं त्याचं श्रेय करवतीला दिलं. कुऱ्हाडीचा जमाना गेला, असं खुद्द सुतार म्हणाला. मी पास झालेल्या शास्त्राप्रमाणं त्या वर्षी त्याला फळ येणारच असेल. विचारलं असतं तर मी हे सांगितलंही असतं. फणसापासून लांब नेऊन.

फणस पिकला. वास सुटला. माणसं ताटल्या घेऊन काकीच्या ओट्यावर आली. मुकादमही आले आणि सगळ्यात मऊ जागा पकडून बसले. काकीनं हाताला तेल लावलं, फोडायला घेतला. गरे वाटले गेले आणि माणसं खायला लागली.

"यंदा जरा चिवट आहे," सुतार म्हणाला.

"चीक फार," शिंपीमामा म्हणाले.

मग सगळ्यांनी, तोंडं भरलेली असताना, फाटकाकडे पाहिलं.

"फुलं काय देखणी आहेत!" कोणीतरी म्हणालं, आणि खाली मान घालून खाणाऱ्यांनीही माना वर करून हो म्हटलं. मुकादम संकोचून हसले. बराच वेळ फक्त बोगनवेलीचंच कौतुक चाललं होतं. फणसाबद्दल एक चांगला शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. तिथं जागाही नव्हती.

मला वाटलं काकीला लागेल. मी तिच्याकडे पाहिलं.

"बघा, बघा," ती म्हणत होती. "इथून चांगली दिसते. जरा सरकून घ्या रे, मागच्यांनाही बसू द्या." आणि तिनं दुसरा फणस पुढ्यात ओढला.