जुन्या शाळेचं पटांगण

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात कॉलेजवर शिकवायला निघाले होते. फोन सिद्धम्मा आत्याचा होता. "अण्णा गेला," आपल्या भावाबद्दल ती एवढंच म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "सावकाश ये. गाडी जोरात हाकू नको."

उमरग्यापर्यंत माझ्या मनात अप्पांचं एकच बोलणं होतं. गेली काही वर्षं प्रत्येक फोनच्या शेवटी ते तेच सांगायचे. "मला बसवू देऊ नको. जाळायला लाव. जुन्या गावात, शाळेपुढं."

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि तसंच बसलेलं खड्ड्यात उतरवतात. अप्पांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्र्याण्णवच्या भूकंपात आई आणि बसू नावाचा माझा लहान भाऊ गेले, तेव्हा त्यांना जाळावं लागलं होतं. जाळायला लावणारे अप्पाच होते.

मी त्या वर्षी उमरग्याला मावशीकडं शिकायला होते. गावात अप्पांचं देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं, रस्त्याकडेला, पत्र्याचं. आजोबांकडं निजामाच्या काळात शिंदीचा मक्ता होता, त्यातून पुढं ते आलेलं. भावकीतले लोक आमच्या घरचं पाणी घेत नसत. बाटली मात्र मागच्या दारानं घेत. अनंत चतुर्दशीला दुकान बंद ठेवावं लागे. मिरवणुकीतली पोरं कुलूप तोडतील म्हणून त्या रात्री अप्पा दुकानातच झोपायला गेले. पहाटे गावातली दगडमातीची घरं कोसळली. पत्र्याचं दुकान तेवढं उभं राहिलं.

नंतर पाऊस लागला. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांना वास सुटला, आणि धडधाकट गडी हात लावायला कचरू लागले. अप्पांनी दुकान उघडलं. प्या, पण थांबू नका, म्हणाले. पडलेल्या घरांच्या तुळया आणि दारं शाळेच्या पटांगणात आणून रचली. लिंगायत, मराठा, मुसलमान, बौद्ध, असं वेगळं करायला वेळ नव्हता. बाहेरगावी कामाला गेलेल्यांची वाट पाहायलाही नव्हता. आई आणि बसूची राख कुणाला वेगळी काढता आली नाही.

अप्पांचा धाकटा भाऊ, शरणबसप्पा काका, तेव्हा भोसरीला कारखान्यात होता. तो गावात पोचेपर्यंत सगळं विझलं होतं. त्याची बायको निंगम्मा काकूही त्याच चितेत गेली होती. काका अप्पांशी भांडला नाही. शेतीचं बोलला, पाण्याचं बोलला, माझ्या लग्नात पंगतीला उभा राहिला. त्या दिवसाचं मात्र कधी बोलला नाही आणि जुन्या गावात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

लोक अजून शेडमध्ये राहत होते तेव्हाच अप्पा सरपंच झाले. बायकांची एकच अट होती, नव्या गावात दुकान नको. अप्पांनी परवाना परत केला. घरं वाटायच्या वेळी ते दारोदार विचारत फिरले, शेजारी कोण पाहिजे? मेलेल्या माणसांची नावं सांगणारे निघाले. अप्पा ती नावंही नीट ऐकून घेत. पुढं कितीतरी वर्षं गावानं त्यांनाच निवडून दिलं. तरी काही म्हातारी माणसं त्यांना पाहिलं की मान खाली घालत, तेही अखेरपर्यंत चाललं.

सोलापुराहून येऊन मी घरात शिरले आणि जागीच थांबले. अप्पा भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. पाठ एका पांढऱ्या उपरण्यानं खुंटीला बांधलेली. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडू.

"कुणी बसवलं?"

"म्याच," आत्या म्हणाली. "थंड पडल्यावर गुडघं वळत न्हाईत, बाई. म्या आन पिराजीनं धरून बसवलं. का गं?"

पिराजीकाका दाराशी उभे होते. पूर्वी दुकानात बाटल्या लावायचे, नंतर अप्पांबरोबर पंचायतीत सदस्य होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान वळवली. अप्पा काय सांगत असत ते त्यांना माहीत होतं.

"काका, तुम्ही तरी…"

"बहीण हाय ती. घरातलं माणूस. तिच्यापुढं म्या काय बोलणार व्हतो?"

मी अप्पांचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं. आत्यानं तोंडाला पदर लावला. मी अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच दाबून पाहिलं. गुडघा हलला नाही. आत्यानं माझा हात उचलला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

"बरं झालं बसवलं ते," शरणबसप्पा काका कोपऱ्यातून म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आपल्यात कुणी जळत न्हाय."

"त्यांची इच्छा होती, काका."

"इच्छा! निंगीला इच्छा विचारली व्हती का यानं? माझी वाट बघितली का? तोंड तरी दाखवायचं." तो अप्पांकडं पाहूनच बोलत होता. "आता मर्जीनं जळायचं म्हणं. सरपंच हाय न्हवं, सगळं ह्यांच्या मनानं."

बाहेर विधी करणारे स्वामी आले होते, विभूतीच्या पिशव्या उतरवून घेत होते. खड्डा नव्या गावाच्या रुद्रभूमीत, आमच्या दफनाच्या जागेत, खणायचं ठरलं होतं.

काका खोटं बोलत नव्हता. आणि अप्पा तर आता कुठल्याच चितेवर आडवे होण्यासारखे राहिले नव्हते.

"पुरू या," मी म्हणाले. "तुमच्या रीतीनं, बसवूनच. पण जुन्या गावात. शाळेच्या पटांगणात."

"ती सरकारी जागा हाय. परवानगी कोण देणार?" काका म्हणाला.

"परवानगीला सरपंच लागतो," पिराजीकाका म्हणाले. "त्ये तर हितंच बसल्यात की."

आत्या पदराआडून हसली आणि त्याच श्वासात तिला रडू फुटलं. काका उठून बाहेर गेला. तो येणार नाही असं मला वाटलं.

जुन्या गावात आता वेड्या बाभळी आहेत. शाळेची एक भिंत आणि हापशाचा ओटा राहिलाय. अप्पांना खुर्चीवर बांधून ट्रॅक्टरमधून नेलं. काका मागच्या मोटारसायकलवर होता. गाववेशीच्या दगडांपाशी तो उतरला आणि तिथंच थांबला.

पिराजीकाकांनी भिंतीपासून चालत जाऊन जागा दाखवली. वरची माती तांबूस, कोरडी होती. कुदळी थोड्या खाली गेल्या आणि माती काळी लागली. आधी वाटलं शेतातल्यासारखीच काळी असेल. मग कोळशाचे तुकडे आले, जळक्या तुळईतला गंजलेला खिळा आला, वितळून गोळा झालेली बाटलीची काच आली. खणणारे थांबले. पिराजीकाकांनी तो गोळा हातात घेतला, अंगठ्यानं पुसला आणि परत खाली ठेवला.

"काळी माती येगळी काढा," स्वामी म्हणाले. "खड्ड्यात विभूती असावी. स्वच्छ असावं."

गडी फावड्यानं काळी माती बाजूला ओढू लागले. मी काही बोलणार, एवढ्यात मागून कुणीतरी मला हातानं बाजूला केलं. शरणबसप्पा काका होता. तो काठावर आला आणि आत वाकून पाहत राहिला.

"पिराजी, हितंच?"

"हितंच, मालक."

"समदी?"

"व्हय. समदी एकातच."

काका खाली बसला. उतारवयात गुडघ्यांवर बसायला त्याला वेळ लागला. त्यानं काळ्या मातीची ओंजळ भरली आणि तशीच धरून ठेवली. मातीत बोटानं शोधावं असं काही नव्हतं, तरी तो शोधत होता. आम्ही सगळे उभे होतो. ट्रॅक्टरमध्ये अप्पा खुर्चीवर ताठ बसले होते, तोंड इकडंच होतं.

"बाजूला काढू नगा," काका शेवटी म्हणाला. स्वामींकडं न बघता म्हणाला. "इभूत खाली घाला लागंल तेवढी. वरनं हीच माती टाका. अण्णाला हिच्यात बसवा."

स्वामींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि विभूतीची पिशवी सोडली.

अप्पांना उतरवताना काका त्यांच्या डाव्या खांद्याला होता. खड्ड्यातून बाहेर येण्याआधी त्यानं काळ्या मातीची एक ओंजळ अप्पांच्या मांडीवर ठेवली. मग पिराजीकाकांनी त्याला हात देऊन वर घेतलं, आणि फावडी चालू झाली.