दगडाबाईचं नाक

तासगावच्या पूर्वेला द्राक्षबागा संपतात आणि माळ सुरू होतो. तिथल्या धनगर वस्तीवर दगडाबाईच्या नाकाची ख्याती होती. कुठली मेंढी आजारी आहे, हे तिला मेंढवाड्यात पाय टाकायच्या आतच कळायचं.

बाळंतिणीचं करण्यातही तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेक मंगल बाळंतपणाला माहेरी आली आणि दवाखान्याची गाडी पोचायच्या आधीच घरात मोकळी झाली, तेव्हा दगडाबाई जराही डगमगली नाही. गाडीतले डॉक्टर म्हणाले, "बाळ-बाळंतिणीला दवाखान्यात नेऊ. सगळं तपासायला हवं."

"पोर रडली, वार पडली. आता काय तपासताय?" असं म्हणून तिने गाडी रिकामी परत पाठवली.

सातव्या दिवशी सकाळपासून मंगल दोन गोधड्या पांघरून बाजेवर मुटकुळं करून पडली होती. बाजेखाली शेगडी धगधगत होती. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेल्या. खोली धुराने अशी भरली होती की समोरची भिंत दिसेना.

"आय, थंडी वाजती गं," मंगल पुटपुटली.

"दूध उतरतंय तुजं. अंग तापायचंच," असं म्हणत दगडाबाईने आणखी चिमूटभर ओवा टाकला. कालपासून लेकीने भाकरीला हात लावला नव्हता, पोटाला हात लावू देत नव्हती. तेवढं मात्र तिच्या मनात कुसळासारखं टोचत होतं.

एवढ्यात विजयमाला, गावची आशा कार्यकर्ती, दारात आली. बागायतदाराची सून, नवरा फौजेत, बोलायला फटकळ. बाळंतिणीला भेटायचा तिचा आज ठरलेला दिवस होता.

"आवं मावशी, लेकीला शेकताय का भाजताय?"

"सात बाळंतपणं केलीत मी बाई. तुज्या वहीत लिहिलं नसंल."

विजयमाला हसली. तिने साबण मागून हात धुतले आणि मंगलच्या कपाळाला हात लावला. तिचं हसू मावळलं.

"शेगडी बाहेर काढा, मावशी. खिडकीबी उघडा."

"वारा बाधंल तिला!"

"अर्धीच घटका. अंग शेगडीनं तापलंय का आतनं, ते ह्या खोलीत मलाबी कळंना आन् तुमालाबी."

दगडाबाई कुरकुरली, पण मनातलं कुसळ तिला गप्प बसू देईना. तिने शेगडी उचलून अंगणात ठेवली, खिडकी उघडली. माळावरचा वारा आत आला आणि धूर हळूहळू विरला. भिंत गार झाली, बाजेचं लाकूड गार झालं. मंगल मात्र तशीच तापलेली, दात वाजवत होती. विजयमालाने काखेत थर्मामीटर लावला. आकडा एकशे दोनच्या वर गेला.

दगडाबाईचं आकड्याकडे लक्षच नव्हतं. ती खोलीच्या मधोमध थबकली होती. धूर सरला तसा एक वास तिच्या नाकाला लागला. कुजका, गोडसर. हा वास ती लहानपणापासून ओळखत होती. व्यालेल्या मेंढीची वार पुरती पडली नाही, तिचा तुकडा आत सडला, की हाच वास येतो. मेंढी मग चारा टाकते, थरथरायला लागते, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर मरते.

सात दिवस ओव्याच्या धुरात तिने हा वास स्वतःच दडवून ठेवला होता!

"विजयमाला," ती म्हणाली, "मेंढीला झालं असतं तर मला पहिल्या दिशी कळलं असतं गं. माज्या पोटच्या पोरीला..."

"मावशी, चुका मोजायला मागनं बसू. आता कळलंय न्हवं? मग लेक वाचती. गाडीला फोन लावते."

ह्या खेपेला गाडी आली तेव्हा दगडाबाई बाळाला पदराखाली घेऊन वाटेवर आधीच उभी होती. मागच्याच वेळचे डॉक्टर उतरले. ते काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "त्या दिशी तुमचं ऐकाय पायजे हुतं. चला बिगीबिगी."

दवाखान्यात वारेचा राहिलेला तुकडा काढला, शिरेतून औषधं चालू झाली. "जंतू रक्तात भिनायच्या आत आणलीत," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मंगलने भाकरी मागितली. दगडाबाईने दवाखान्याच्या व्हरांड्यात पदराने डोळे पुसले आणि पाणी आणायला गेल्यासारखं केलं.

आठवड्याने मायलेकी घरी आल्या. मंगलने विचारलं, "आय, धुरी न्हाई का घालायची?"

"ओवा खायचा आसतो. खा आन् गप पड," दगडाबाई म्हणाली. मेंढ्यांचं काम आटोपून ती आली होती. तिने कोपरापर्यंत साबण लावून हात खळखळून धुतले. बाळंतिणीची धुतलेली फडकी आजवर लाजेपायी गोठ्यामागच्या सावलीत वाळायची; ती काढून तिने अंगणात, भर उन्हात वाळत घातली. शेजारणी बघतात तर बघू देत.

मग ती आत आली, बाजेवर वाकली आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

दारातून विजयमालाने विचारलं, "काय म्हणतंय नाक?"

"दूध," दगडाबाई म्हणाली. "नुसतं दूध. तरीबी तुजी ती काखेतली कांडी लाव एकदा."